ओळंब्यात न बसणारं नाक

गुरुजींचं नाक वाकडं होतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे दर ओळीला सांगावं लागणार नाही. भुवयांपासून ते नीट सरळ निघायचं, मध्यावर आलं की नाल्यापाशी रस्ता वळतो तसं डावीकडे वळायचं, आणि शेंडा थेट गालाकडे पाहायचा. शाळेतली पोट्टी म्हणायची, "गुरुजी चंद्रपूरले निघाले, नाक नागभीडले गेलं." हे गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर नकाशा काढला आणि सांगितलं, "आपल्या गावाहून चंद्रपूरला नागभीडवरूनच जावं लागतं. म्हणून हे चिडवणं चुकीचं आहे. भद्रावती म्हणा. ते बाजूला पडतं, आणि माझं गावही आहे." पोट्ट्यांनी काही सुधारणा केली नाही.

मी चौथी शिकलेली बाई. चौदा वर्षं त्या शाळेत खिचडी शिजवत होते आणि तेवढीच वर्षं गुरुजी माझ्या घरच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. म्हणजे दिवसा मी त्यांच्या हाताखाली आणि संध्याकाळी ते माझ्या छपराखाली. माणूस वाईट नव्हता. विचित्र होता.

त्यांचा बाप गवंडी होता. बाप मेला तेव्हा भावांनी काय काय वाटून घेतलं ते मला माहीत नाही, पण गुरुजींनी बापाचा ओळंबा घेतला. पितळेचा गट्टू आणि त्याला दोरी, भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला. तो सदऱ्याच्या खिशात असे, त्यामुळे सदरा एका बाजूला लोंबकळत असे. जातील तिथे दोरी सोडून पाहत. दाराची चौकट, फळा, झेंड्याचा खांब, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब, मग जेवण. नवरदेवाचा बाप हात जोडायचा, "गुरुजी, पाया पडतो, उद्या सोडाचाच आहे मांडव."

"उद्या सोडाचा आहे म्हणून आज वाकडा काऊन?" गुरुजी म्हणायचे.

वर्गात ते पुस्तकातल्यासारखं बोलत, पण चिडले किंवा घाबरले की आमच्यासारखंच. त्यावरून कळायचं की बाण लागला.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. ते म्हणत, नाकामुळे. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा खरं निघालं. मूल गावाला मुलगी पाहायला गेले होते. मुलीला हे नाकासकट पसंत होते. पण पोहे बाहेर यायच्या आत यांनी ओळंबा काढून दाराला लावला आणि तिच्या बापाला सांगितलं, तुमचं घर पूर्वेकडे कलून राह्यलं. बापानं पोहे आत परत पाठवले.

"मंग नाकाला काऊन दोष देता?" मी म्हटलं.

"माझा बापच देत होता, बाई. म्हणे, जिंदगीभर लोकाच्या भिंती सरळ केल्या, अन् घरात हे निघालं."

त्या नाकाची डावी पुडी बंदच होती म्हणा. श्वास उजवीकडून, तोही रडतखडत. रविवारी दुपारी पुढच्या खोलीत त्यांचा डोळा लागला की माझ्या कोंबड्या अंगण सोडून शेजारी जात. जागेपणी त्यांनी एक युक्ती काढली होती. एक बोट गालावर ठेवून गाल कानाकडे ओढायचा. तसं केलं की पुडी जराशी उघडते, वारा जातो. वाचताना, हजेरी घेताना, विचार करताना ते बोट गालावर असायचंच. पोरांनी पहिलीपासून तेच पाहिलं. पोरांना वाटलं, वाचायचं असंच असतं. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले तर चौथीचा सगळा वर्ग एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातानं गाल ओढून खडाखडा वाचून राह्यला होता. मी खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवता उतरवता खिडकीतून पाहत होते. साहेबांनी विचारलं, हा कोणता उपक्रम? गुरुजींना कळेचना काय विचारतात ते. साहेबांनी स्वतःच वहीत काही लिहून घेतलं, आणि जाताना गाडीवर बसण्याआधी हळूच गाल ओढून पाहिला. पुढे पलीकडच्या गावच्या शाळेतही पोरं तसं वाचायला लागली असं ऐकलं. खरं-खोटं पाहायला मी गेले नाही.

आता खिचडीचं. शाळेचा नियम असा की पोरांना वाढण्याआधी गुरुजींनी चाखायची आणि चव रजिस्टरात लिहायची. गुरुजी रोज ठरल्या वेळी खिचडीच्या शेडमध्ये येत, पाठ ताठ करून बसत, एक घास खात, आणि रकान्यात लिहीत, "चव : उत्तम." खाली पट्टी लावून रेघ, मग सही. मग पोरांसोबत पंगतीत एकदा वाढलेलं संपवून उठत. परत मागितलं असं कधी झालं नाही. मी समजत होते, कमी खाणारा माणूस आहे.

त्या रजिस्टरावर माझं काम टिकून होतं. शाळेच्या समितीच्या अध्यक्षांची भावजय कधीपासून माझ्या जागेवर डोळा ठेवून होती. वर्षाला एकदा तरी अध्यक्ष येऊन रजिस्टर चाळत. पानोपान उत्तम, उत्तम, उत्तम. बंद करून जात. मीही संध्याकाळी कधी कधी ते उघडून पाहत असे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. नवऱ्यानं मरेपर्यंत माझ्या हातच्या जेवणाला चांगलं म्हटलं नाही, सून तर ताटात पाहून उसासे टाकते. आणि इथे एक शिकलेला माणूस रोज सही करून उत्तम म्हणतो.

पोरं घरून कागदाच्या पुडीत जवसाची चटणी आणत. मी समजत होते, लाडावलेली आहेत.

मग ते दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं झालं. शाळेत पाटीपूजन होतं. मी बोरिंगवर पाणी भरत होते. शेडकडून गॅसचा असा वास आला की मी पाण्याचा गुंड तिथेच टाकला आणि धावले. उंदरानं नळी कुरतडली होती. आत गुरुजी समई घेऊन उभे, काडी पेटीवर टेकलेली. मी हातावर फटका मारला. काडी एकीकडे, पेटी एकीकडे, समईचं तेल माझ्या पायावर.

"मरता काय जी? वास नाई येऊन राह्यला?"

"कशाचा?"

मी आधी सिलिंडर बंद केलं, त्यांना ओढत मैदानात आणलं. ते झाडाखाली बसले. मग एखाद्यानं मला वांगं चालत नाही म्हणून सांगावं तसं म्हणाले, "बाई, मले कशाचाच वास येत नाई. लहानपणी थोडा येत होता. आता नाई."

मी म्हटलं, "हे नाक कापून तरी आणा नाही तर खोली सोडा. तुम्ही माझं घर जाळाल." दिवाळीच्या सुट्टीत मीच त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. त्यांचं दुसरं कोणी नव्हतं, आणि लोक काय म्हणतील असं माझं वय राहिलं नव्हतं.

इथे एक कबूल करते. ज्या माणसाला गॅसचा वास येत नाही त्याला खिचडीचा कसा येत असेल, हा हिशोब चौथीच्या पोराला जमला असता. मला जमला नाही. मीच त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बारीक दुर्बीण नाकात घालून पाहिलं, मग कागदावर चित्र काढलं. म्हणाली, नाकाच्या आत मधोमध एक पडदा असतो. तुमचा पडदा डावीकडे वळलाय, आणि दोन्हीकडे आत सूज आहे. थेंबांनी, फवाऱ्यानं सूज उतरेल, पण पडदा सरळ होणार नाही. त्याला ऑपरेशन लागतं. ते आतूनच करतात, बाहेर टाका दिसत नाही.

"अन् बाहेरून नाक सरळ होईल?" गुरुजी.

"नाही. त्यानं श्वास मोकळा होईल. बाहेरचा आकार बदलायचा तर वेगळं ऑपरेशन. नाकाचं हाड तोडून परत बसवावं लागतं. दोन्ही सोबतही करता येतात, त्यासाठी तुम्हाला नागपूरला पाठवेन."

"तोडल्यावर बरोबर मध्ये येईल?"

"पुष्कळ सुधारेल."

"सुधारेल नाही विचारलं. सरळ येईल?"

डॉक्टर हसली. म्हणाली, "काका, कोणाचंच नाक अगदी सरळ नसतं."

हे त्यांना पटलं नाही. चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर बसलो तर हे उठले, ओळंबा काढला, आणि बाकावर बसलेल्या लोकांच्या कपाळासमोर एकेक करून दोरी सोडू लागले. लोकांना वाटलं, तपासणीच असेल. नीट मान वर करून बसले. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली. "डावीकडे. डावीकडे. उजवीकडे, पाव बोट. डावीकडे." एक बाई विचारते, "साहेब, औषध कोणतं घेऊ?" शिपाई धावत आला तोवर बाक संपला होता. शेवटी माझी पाळी.

"बाई, तुमचंही अर्धं बोट उजवीकडे."

"माझं नाक माझ्याजवळ राहू द्या. आत वास येते, तेवढं पुरे."

त्यांनी दोरी गट्टूला गुंडाळून खिशात ठेवली. मग आत जाऊन डॉक्टरला म्हणाले, आतलंच करा. बाहेरचं नको. अर्धवट सरळ करायचं तर वाकडं काय वाईट आहे. वासाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "येईल कदाचित. खात्री देत नाही."

ऑपरेशन झालं. दोन दिवस नाकात बोळे, तोंडानं श्वास. बोलायला त्रास होई म्हणून पाटी मागून घेतली. मी पेज दिली की पाटीवर लिहीत, "धन्यवाद", खाली रेघ. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. गावात परत आलो तर सगळं गाव नाक पाहायला, नवी नवरी आल्यासारखं. पाहत आणि तोंड पाडून परत जात.

"तसंच तं आहे!"

"आतून सरळ झालं म्हणते," मी सांगत होते.

"आतून कोण पाहते वो? त्या डॉक्टरनीनं फसवलं गुरुजीले."

गुरुजी बसल्या जागी नुसता श्वास घेत होते. बोट गालाकडे जायचं, गालाशी पोचायचं, आणि काही काम नाही म्हणून परत यायचं.

मग एका सकाळी अंगणात उभे राहून त्यांनी मला हाक मारली. "बाई, हे काय येऊन राह्यलं?"

"कुठी?"

"नाकात."

अंगणात कापून आणलेलं धान पडलं होतं. मी म्हटलं, "धान आहे ते." ते भाऱ्यात तोंड खुपसून बसले. त्या दिवशी त्यांनी साबण हुंगला, म्हैस हुंगली, खडूचा डबा हुंगला. दुपारी खोलीतून ओरडले, "ही गोधडी कोणाची आहे?" मी म्हटलं, तुमचीच, तुम्ही आलात तेव्हापासूनची. त्यांनी ती दोन बोटांत धरून बाहेर आणली. मला हसू आलं. तेव्हा आलं.

शाळा उघडली. गुरुजी नेहमीच्या वेळी शेडमध्ये आले, पाठ ताठ करून बसले. मी वाढलं. घास तोंडाजवळ गेला आणि थांबला. मग त्यांनी तो खाल्ला, बराच वेळ चावला. पेन उघडलं. रकान्यावर धरलं. बंद केलं.

"बाई, हे रोज असंच असते?"

"रोज असंच. तुम्हीच तं उत्तम लिहिता."

"करपलेलं आहे."

"बारा वर्षं नाई करपलं ते आज करपलं?"

"बारा वर्षं मले नाक नव्हतं, बाई."

रकाना कोरा राहिला. रोज त्याच धुरात उभी राहून मला तो वास खिचडीचाच वाटत होता. दुसऱ्या दिवशी मी आच कमी ठेवली, जागची हलले नाही. पुन्हा तेच, पुन्हा कोरा. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "लिहून टाका ना काही. बरी लिहा." ते म्हणाले, "खोटं लिहिता येत नाई. अन् खरं लिहिलं तं तुमचं काम जाते. म्हणून विचार करून राह्यलो." घरी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सून भाकरी थापताना पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती.

तिसऱ्याच दिवशी अध्यक्ष आले. सोबत भावजय. कोऱ्या रकान्याची बातमी गावात कशी जाते ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. अध्यक्षांनी रजिस्टर उघडलं.

"गुरुजी, हे कोरं काऊन?"

गुरुजींनी बोट गालावर नेलं. "खिचडी करपते."

"मंग विषयच संपला. बाईचं वय झालं. बाई बदलू." भावजय पदर खोचून गंजाकडे असं पाहायला लागली जसं तिचं सामान आलंय.

माझ्या हातात ढवळायचा सराटा होता. मी तो खाली ठेवला. ते काम गेलं असतं तर मी दिवसभर सुनेच्या समोर बसले असते.

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते उठले, गंजावर वाकले, आणि हुंगत हुंगत गंजाभोवती फिरायला लागले. त्यांचा शेंडा आधीच डावीकडे, त्यामुळे तोंड एकीकडे आणि नाक दुसरीकडे चाललंय असं दिसत होतं. "इथी नाई. इथी नाई. इथी थोडं. हे! या बाजूलेच आहे. सगळं नाई करपत, एकच बाजू करपते." मग हात खिशात गेला. गंजाच्या कडेशी दोरी सोडली. वर दोरी गंजाला चिकटली, खाली मधे जागा राहिली. त्यांनी बोटं घातली. दोन.

"ओटा कललेला आहे," गुरुजी म्हणाले. "गंज वाकडा बसते. डाळ, तेल, सगळं या बाजूले जाते अन् लागते. बाई काय करंल?" गावातला प्रत्येक खांब मोजणाऱ्या माणसानं माझा ओटा कधी मोजला नव्हता. मोजायचं कारणच नव्हतं, खिचडी उत्तम होती.

"हा ओटा कोणी बांधला होता?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. अध्यक्षांनाही. तो भावजयीच्या नवऱ्यानं बांधला होता.

मग भावजयीनं खोचलेला पदर काढला. "चला भावजी, घरी कामं पडले आहेत."

"आता हे लिहू नका, गुरुजी," अध्यक्ष म्हणाले. "ओट्याचं पाहून घेऊ आपण."

गुरुजींनी लिहिलं. मी मागून वाचलं, तेवढं वाचता येतं मला. "करपण्याचे कारण ओटा. ओटा दोन बोटे कललेला आहे. स्वयंपाकीण बाईंचा दोष नाही." इथपर्यंत ठीक होतं. पण पेन थांबेना. "तसेच, मागील बारा वर्षांच्या सर्व नोंदी लिहिणाऱ्याच्या नाकात दोष असल्यामुळे धरू नयेत." रेघ. सही.

काम वाचलं. पण माझी बारा वर्षांची उत्तमं एका ओळीत गेली. मी त्यांना म्हटलं, "ओट्याचं लिहिलं तं लिहिलं, मागचं काऊन खोडलं?"

"खोडलं नाई, बाई. धरू नये म्हटलं."

गुरुजींनी त्याच संध्याकाळी छपरावरच्या कवेलूचे तुकडे घासून शेगडीच्या पायांखाली बसवले, दोरी सोडून चार वेळा पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून करपणं बंद. रकान्यात आलं, "चव : बरी." त्यानंतर दोन वर्षं बरी. मी तूर बदलली, लसणाची फोडणी घातली, घरची कोथिंबीर नेली. बरी. पोट्ट्यांनी चटणीच्या पुड्या आणणं बंद केलं, हे मी पाहिलं. पण पोट्टी सही करत नाहीत.

मग त्यांची निवृत्ती आली. शेवटच्या दिवशी मी पहाटेच शेडमध्ये गेले. घरचं तूप नेलं, वाटाणे नेले. आज तरी लिहील, असं मनात होतं, नाही कशाला म्हणू. गुरुजी आले, पाठ ताठ करून बसले. आधी वास घेतला, डोळे मिटून. मग घास. मग पेन. लिहिलं, रेघ मारली, सही केली, रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"चव : बरी. मीठ कमी."

मी चाखून पाहिलं. कमीच होतं. मीठ घातलं, ढवळलं, पोट्ट्यांना वाढलं. गुरुजी पंगतीत शेवटी बसले होते. सगळ्यांचं होत आलं तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं.

"अजून थोडी, बाई."

मी सराटा हातात धरून उभी राहिले. "आधी लिहा."

"लिहून झालं. रजिस्टरात खोडता येत नाई."

मी वाढली. अर्धाच सराटा.